स्नेहलचा डावा पाय

फुलाबाईच्या घरात बाळंतिणीनं बाजेवरून उतरायचं नाही, असा कायदा होता. तो तिचा तिनंच केलेला. लेकीला, स्नेहलला, सिझर होऊन मुलगी झाली आणि दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर ती मखमलाबादच्या मळ्यात माहेरी आली. त्या दिवसापासून फुलाबाईनं तिला बाजेवर जी निजवली, ती निजवलीच. लघवीला जायचं तरी हाताला धरून, आणि लगेच माघारी. पाणी मागितलं तर घोटभर, तेही कोमट. जास्त पाणी प्यालं की पोट सुटतं, असं तिचं म्हणणं. बाजेखाली शेगडी, डोक्याला फडकं, कानात कापूस.

"आई, सिस्टर म्हणाल्या होत्या, घरी गेल्यावर थोडं थोडं चालत जा," स्नेहल म्हणायची.

"सिस्टरला काय जातंय म्हणायला? टाके उसवले तर ती येणार हाय का शिवाया?"

स्नेहल हसायची आणि पडून राहायची. देवळ्याला सासरी कांद्याच्या चाळीत नि स्वयंपाकघरात दिवसभर उभी असणारी पोर ती. हे लाड तिलाही बरेच वाटत होते.

फुलाबाई एरवी कडक बाई नव्हती. पण या एका बाबतीत तिच्या मनात धास्ती बसली होती. तिची थोरली बहीण सरू सायखेड्याला दिलेली. फुलाबाई तेव्हा परकरात होती. सरू बाळंत झाली, पोरगा चांगला गुटगुटीत होता, आणि बारसं व्हायच्या आत एका सकाळी ती पाण्याचा तांब्या घ्यायला उठली, दोन पावलं टाकली आणि खाली कोसळली. कुणाला काही कळायच्या आत संपलं. कुणी म्हणालं बाहेरचं झालं, कुणी म्हणालं दृष्ट लागली. फुलाबाईच्या लहान डोक्यानं त्यातून एकच गोष्ट उचलली. सरू उठली म्हणून गेली. उठली नसती तर राहिली असती.

दसरा तोंडावर आला तसं बाजेपाशी बसायला कुणाला सवड उरली नाही. झेंडूवाल्याचं सगळं वर्ष त्या चार दिवसांवर असतं. फुलाबाईचा नवरा दत्तू पहाटेपासून तोड्याला लागायचा, मजूर असायचे, फुलाबाई मळ्यातून घरात आणि घरातून मळ्यात. जावई ललित देवळ्याला लाल कांद्याच्या कामात अडकलेला. तो दसऱ्याला लेक बघायला येणार होता.

त्याच धांदलीत एका संध्याकाळी स्नेहल म्हणाली, "आई, डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं होतंय गं."

"पडून पडून आखडला असंल. जाईल."

गेला नाही. दुसऱ्या दिवशी फुलाबाईनं गोधडी बाजूला सारली तर डावा पाय उजव्याच्या दीडपट वाटत होता. घोट्याचं हाड दिसेनासं झालेलं. पैंजण मांसात रुतलं होतं. कातडी ताणून चकाकत होती, तिच्यावर लालसर झाक, आणि हात लावला तर पाय गरम. उजवा पाय मात्र होता तसाच, सडपातळ, गार.

"वातानं धरला," फुलाबाई म्हणाली. तिनं पैंजण सोडवलं, तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा कढवला आणि पाय मांडीवर घेतला. आयुष्यभर खुडणी-खुरपणी केलेले तिचे हात. घोट्यापासून वर मांडीपर्यंत ती अंगठे दाबत दाबत नेत होती. स्नेहलनं दुपट्याचं टोक दातात धरलं.

"हळू गं आई. लय दुखतंय."

"थोडं सोस. आतलं मोकळं झालं पाहिजे का नाय?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मळ्यात जाण्यापूर्वी तिनं पुन्हा एकदा पाय चोळला. मग बाळाला स्नेहलच्या कुशीत दिलं, शेजारच्या कुसाबाईला लक्ष ठेवायला सांगितलं आणि पाटी घेऊन ती फुलांत शिरली.

ऊन डोक्यावर यायच्या आत तिच्या कमरेचा मोबाईल वाजला. स्नेहलचा आवाज तुटक येत होता. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द.

"आई... घरी... ये."

फुलाबाईनं पाटी तिथंच टाकली.

स्नेहल बाजेवर उठून बसली होती. एक हात बरगडीवर दाबलेला, दुसऱ्यानं बाजेची कड घट्ट धरलेली. कपाळावर घाम डवरला होता आणि ओठांचा रंग उडाला होता. बाळ बाजूला टाहो फोडत होतं, पण आईचं तिकडं लक्षच नव्हतं.

"श्वास घेतला की इथं सुरी खुपसल्यासारखं होतंय."

"उसण भरली असंल," असं फुलाबाई म्हणाली खरी, पण स्वतःच्या बोलण्यावर तिचाच विश्वास बसला नाही. डब्यातला ओवा काढताना तो निम्मा जमिनीवर सांडला.

"आई, मला भीती वाटतीय. काहीतरी होतंय मला," स्नेहल म्हणाली आणि उठायला म्हणून तिनं पाय खाली सोडले.

तो सुजलेला पाय जमिनीला टेकताना फुलाबाईनं पाहिला आणि तिच्या डोळ्यांपुढे सरू आली. उभी नाही, आडवी. सरूला शेवटची आंघोळ घालत होते तेव्हाची. बायका जोडवी काढत होत्या. उजव्या पायातली चटकन निघाली. डाव्या पायातली निघेना. साबण लावला, दोरा घातला, तरी निघेना. बोटं तट्ट सुजलेली. "एकच पाय कसा गं असा?" असं कुणीतरी हळूच म्हणालं होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी तिला गप्प केलं होतं. हे सगळं इतकी वर्षं फुलाबाईच्या आत कुठंतरी पडून होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"उठू नको!" ती किंचाळली. "स्नेहल, उठू नको! पाय वर घे!"

तिचा आवाज ऐकून दत्तू धावत आला, मागून कुसाबाई आली. दत्तूनं बाळंतपण झालेल्या दवाखान्यात फोन लावला. तो बोलत होता, "हां, एकच पाय. डावा. हां, धाप लागलीय," आणि फुलाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्यानं फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता.

"आयसीयू असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले, आत्ताच्या आत्ता. चालवायचं नाय. आणि पाय अजिबात चोळायचा नाय म्हणे, दाबायचा नाय."

फुलाबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना अजून तेल होतं. लसणाचा वास येत होता.

अँब्युलन्सची वाट बघायला वेळ नव्हता. पिकअप दारात उभी होती, झेंडूच्या क्रेटनी भरलेली. गाडीवाला भारत शेजारच्याच मळ्यातला. त्यानं आणि दत्तूनं सगळे क्रेट भराभर अंगणात उतरवले, काही उलटले, फुलं पायाखाली आली. मग स्नेहलला बाजेसकट उचलून मागे ठेवलं. कुसाबाई बाळाला घेऊन दत्तूशेजारी पुढे बसली. फुलाबाई मागे, स्नेहलची पाठ छातीशी धरून, कारण आडवं झालं की तिला श्वासच पुरत नव्हता.

पिकअपला खड्डा लागला की फुलाबाईचा जीव वर-खाली व्हायचा. पाय आपटू नये म्हणून ती हात पुढे करायची, आणि पायाला लागणार तोच हात मागे घ्यायची. त्या पायाला शिवायची तिला छाती होईना. शेवटी तिनं बाजेवरची गोधडी त्याच्या दोन्ही बाजूंना कोंबली आणि हात स्नेहलच्या खांद्यांवर ठेवले.

पंचवटीत शिरल्यावर गाडी अडकली. दसऱ्याचा आदला दिवस. रस्त्याच्या दोन्ही अंगाला झेंडूचे ढीग, हातगाड्या, आपट्याच्या फांद्या, रिक्षा, दुचाक्या, भाव करणाऱ्या बायका. याच बाजारात फुलाबाई उभी असायची दरवर्षी. आज तीच माणसं तिला भिंतीसारखी वाटत होती. स्नेहलचा श्वास उथळ आणि घाईघाईचा झाला होता, तान्ह्या पाखरासारखा.

"आई, बाळाला... दूध..."

"देऊ. तू बोलू नको. तू फक्त श्वास घे."

"मी मरणार नाय ना?"

फुलाबाईनं लेकीच्या केसांवर गाल टेकवला.

दत्तू खाली उतरला आणि गाडीपुढे धावत, हात जोडत, ओरडत निघाला. एका वाहतूक पोलिसानं बाजेवरची पोर बघितली आणि शिट्टी फुंकत रस्ता मोकळा करायला सुरुवात केली. एका फुलवालीनं आपला ढीग दोन्ही हातांनी मागे ओढून घेतला. गाडी पुढे सरकली.

दवाखान्यात त्यांनी तिला चाकाच्या पलंगावर घेतली, बोटाला चिमटा लावला, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. एक तरुण डॉक्टरीण आली. तिच्या कोटावर शुभांगी असं नाव होतं. तिनं दोन्ही पायांवरचं पांघरूण सारलं, क्षणभर पाहिलं, आणि पाठीमागच्या सिस्टरला काहीतरी इंग्रजीत भराभर सांगितलं. सिस्टर पळत गेली. सिस्टरला पळायला लावणारं काहीतरी आहे, एवढं फुलाबाईला समजलं.

"पाय कुणी चोळला होता का?" डॉक्टर शुभांगींनी विचारलं.

दत्तूनं फुलाबाईकडे पाहिलं. कुसाबाईनं खाली पाहिलं.

"मी," फुलाबाई म्हणाली. "काल. आणि आज सकाळी."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त "बरं" म्हणाल्या आणि स्नेहलला आत घेऊन गेल्या.

पायाची सोनोग्राफी झाली, छातीचा स्कॅन झाला. मग त्या बाहेर आल्या आणि फुलाबाईच्या शेजारी बाकावर बसल्या.

"पायातल्या आतल्या मोठ्या शिरेत रक्त गोठलंय. गुठळी झालीय. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेलाय, म्हणून धाप लागली. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू केलीत. आजचा आणि उद्याचा दिवस जपायचा आहे."

"अजून तुकडा सुटंल का?" दत्तूनं विचारलं.

"सुटू शकतो. तो सुटू नये म्हणूनच आयसीयूत ठेवतोय."

"पण हे झालं कशानं?"

"बाळंतपणात बाईचं रक्त मुळातच लवकर गोठतं, निसर्गानंच केलेली सोय असते ती. त्यात ऑपरेशन झालं. त्यात माणूस पडून राहिलं, पाय हलले नाहीत, पाणी पोटात कमी गेलं, की शिरेतलं रक्त साचतं. म्हणून तर आम्ही सिझरनंतर लवकर चालवतो, पाणी प्यायला लावतो."

फुलाबाईला ते ऐकवेना. डॉक्टर सांगत होत्या सगळ्याच बायांबद्दल, पण तिला बाज दिसत होती, शेगडी दिसत होती, आपण हातातून काढून घेतलेला पाण्याचा पेला दिसत होता.

"घरात आधी कुणाला असं झालं होतं? पाय सुजणं, अचानक जाणं?"

"माझी बहीण," फुलाबाई म्हणाली, आणि दत्तूलाही कधी न सांगितलेली जोडव्यांची गोष्ट तिनं सांगितली. सांगताना ती डॉक्टरांकडे नव्हे, समोरच्या भिंतीकडे बघत होती.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. "एकाच पायातली निघत नव्हती?"

"एकाच."

"आज नक्की सांगता येणार नाही, मावशी. पण हेच असू शकतं. काही घरांत रक्त लवकर गोठायची खोड असते. स्नेहलच्या तपासण्या पुढं करू आपण त्यासाठी."

म्हणजे सरू उठली म्हणून गेली नव्हती. आधीच पायात ते येऊन बसलं होतं. फुलाबाईनं खोलवर श्वास घेतला आणि मनात होतं ते विचारलं.

"बाई, खरं सांगा. माझ्या हातानं सुटला का तो तुकडा?"

डॉक्टर शुभांगींनी पेन मिटलं. "न चोळताही सुटतो. पुष्कळदा तसाच सुटतो. चोळल्यानं सुटला की नाही, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. पण एक पाय सुजला, गरम झाला, तर यापुढं कुणाचाही चोळू नका. थेट दवाखान्यात आणा."

हो म्हणाल्या असत्या तर फुलाबाई ढसाढसा रडली असती, नाही म्हणाल्या असत्या तर देवाला हात जोडले असते. या उत्तराचं काय करायचं, हे तिला कळेना.

संध्याकाळपर्यंत ललित देवळ्याहून आला. अंगात शेतातलाच सदरा, डोळे तांबारलेले. "मामी, काय झालं एकाएकी?"

दत्तूनं सांगायला सुरुवात केली, पण फुलाबाईनं त्याला थांबवलं.

"पाय मी चोळला, ललितराव. तिला उठूबी मीच दिलं नाय."

ललित तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या जबड्याची शीर उडत होती. मग तो वळला आणि जिन्यानं खाली गेला. फुलाबाईला वाटलं, हा आता परत माझं तोंड बघणार नाही. बऱ्याच वेळानं तो आला, त्याच बाकावर बसला, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. बाळ कुसाबाईच्या मांडीवर रडत होतं. त्यानं हात पुढे केले.

"द्या इकडं. मी घेतो."

पोरीला त्यानं पहिल्यांदा घेतलं ते असं, आयसीयूच्या दारात. सिस्टरनं आतून स्नेहलचं काढलेलं दूध आणून दिलं. या इंजेक्शनांवर दूध पाजलं तर चालतं, असं ती म्हणाली. वाटी-चमच्यानं ते ललितनंच पाजलं. अर्धं दूध टोपड्यावर सांडलं, आणि ते पुसायला फुलाबाई पुढे सरकली तेव्हा मधली जागा आपोआप भरली.

दसरा आला आणि गेला. अंगणातली फुलं तिथंच काळी पडली. दत्तूनं त्याचा विषय काढला नाही. आयसीयूचं दार उघडलं की फुलाबाई ताडकन उभी राहायची, कुणाचंही नाव पुकारलं तरी तिला स्नेहल ऐकू यायचं. शेजारच्या एका म्हाताऱ्याला पांढऱ्या चादरीत बाहेर आणलं, तेव्हा चादर तोंडावरून आहे एवढंच दिसलं आणि तिला भोवळ आली. पुढचे कितीतरी तास तिला नीट आठवत नाहीत.

पण स्नेहल टिकली. आधी श्वास सुधारला, मग ऑक्सिजन कमी केला, मग तिला साध्या वॉर्डात आणली. गाल आत गेले होते. पायाची सूज थोडी उतरली होती, पोटावर इंजेक्शनांचे निळे डाग होते. फुलाबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, केसांवरून फिरवला, पांघरुणावर कमरेपर्यंत नेला आणि तिथं थांबवला.

"आई, पायाला हात लावला तर काय चावतो का?" स्नेहल क्षीण हसली.

फुलाबाईला हसू आलं नाही.

त्याच दिवशी डॉक्टर शुभांगी आल्या आणि म्हणाल्या, "चला स्नेहल, आज जरा चालायचं."

फुलाबाई पलंगाच्या आडवी उभी राहिली. "उठवता तिला? बाई, नको. पाया पडते. गुठळी हाय अजून आत."

"आहे, पण आता औषधानं रक्त पातळ आहे, गुठळी जागच्या जागी धरून बसलीय. आता पडून राहण्यातच जास्त धोका आहे."

"माझी बहीण अशीच उठली होती."

डॉक्टर पुढे आल्या, त्यांनी फुलाबाईच्या दंडाला धरलं. "तुमच्या बहिणीला हे औषध कुणी दिलं नव्हतं, मावशी. हिला दिलंय. तुम्ही तिच्या एका बाजूला उभ्या राहा, मी दुसऱ्या."

स्नेहलनं पाय खाली सोडले. फुलाबाईनं तिचा हात धरला आणि डोळे गच्च मिटले. तिला लेकीचं वजन आपल्या हातावर आलेलं जाणवलं. मग सपातेचा आवाज आला, फरशीवर घासल्यासारखा. एक. थांबून दुसरा. दुसऱ्या पावलालाच सरू पडली होती. फुलाबाईच्या कानात रक्त घणघणत होतं आणि ती त्या सगळ्या गोंगाटातून पुढचा आवाज शोधत होती.

तो आला. त्याच्या मागून आणखी एक आला.

"आई, डोळे उघड," स्नेहल म्हणाली. "माझ्या पायावर पाय देशील."

खिडकीपर्यंत गेल्या त्या. तिथं स्नेहल दम खायला थांबली तेव्हा फुलाबाई एवढी रडली, की सिस्टरला वाटलं पेशंट तीच आहे.

घरी आल्यावर सगळंच बदललं. गोळ्या ठरल्या वेळेला, रक्ताची तपासणी ठरल्या दिवशी, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच फोन, गोळीचा गुण बदलतो म्हणून पालेभाजी एकदम वाढवायची नाही की एकदम तोडायची नाही. दिवसा डाव्या पायात घट्ट मोजा, जो चढवताना दोघींना घाम फुटायचा. पुढं कधी दिवस गेले तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगायचं, आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. हे सगळं फुलाबाईनं पाठ केलं होतं. पाण्याची कळशी तिनं बाजेच्या उशालाच आणून ठेवली. सकाळ-संध्याकाळ मायलेकी बांधावरून चालायच्या, बाळ दत्तूच्या खांद्यावर. भीती मात्र फुलाबाईला सोडून गेली नाही. स्नेहल जिना चढून जरा धापली, तरी हिच्या काळजाचं पाणी व्हायचं. ती झोपली की छातीवरचं पांघरूण हलतंय का, ते फुलाबाई उभ्यानं बघत राहायची.

थंडी सरत आली तेव्हा पुन्हा सोनोग्राफी झाली. शीर बरीचशी मोकळी झाली होती. डॉक्टर शुभांगींनी देवळ्याला जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. गोळ्या अजून चालूच ठेवायच्या, आणि गाडीत सलग बसून राहायचं नाही.

ललित गाडी घेऊन आला. निघताना फुलाबाई खिडकीशी वाकली. "ललितराव, मधी गाडी थांबवा. तिला जरा चालू द्या. पाणी पाजा."

"थांबवतो मामी."

"इसरू नका."

"नाय इसरणार."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. फुलाबाई मळ्यात गेली, शेवंतीत खुरपं घेऊन बसली, पण एकही तण तिच्या हाताला लागेना. तास-दीड तासानं तिनं फोन लावला. पलीकडे हायवेच्या ट्रकांचा आवाज होता आणि बाळाचं रडणं.

"कुठं हायस?"

"चांदवडला, आई. उतरलोय आम्ही. ललित पोरीला घेऊन चहाच्या टपरीवर उभे हायेत, मी इकडं चालतीय."

"धाप नाय ना लागली?"

"नाय गं."

"पाय?"

"हाय तसाच हाय. बरा हाय."

"बरं," फुलाबाई म्हणाली. पण फोन ठेवला नाही. लेक चालता चालता श्वास घेत होती, तो ऐकत ती शेवंतीत तशीच बसून राहिली.